प्रति: वेताळ टेकडीवर दर रविवारी वृक्षारोपण

पुण्यातील वेताळ टेकडी उजाड दिसते म्हणून तिथे दर रविवारी रोपे लावावीत, या चर्चेतील सूचनेमागची कळकळ मान्य करूनही मला त्याबद्दल शंका आहे, कारण उन्हाळ्यात जो भाग ओसाड वाटतो तो बहुतांशी गवताळ माळ असतो आणि टिटवी किंवा चंडोल यांसारखे पक्षी नेमक्या त्याच उघड्या जमिनीवर अंडी घालतात. तिथे खड्डे खणून सावली करणे म्हणजे त्यांना हुसकावून लावणेच होय. पुण्याच्या टेकड्या झटपट हिरव्या करण्याच्या हौसेतून पूर्वी ग्लिरिसिडिया, म्हणजे गिरिपुष्प, मोठ्या प्रमाणावर लावले गेले. हे झाड मूळचे मध्य अमेरिकेतील असून येथील सालई, मोई, गणेर या देशी झाडांच्या रोपांना ते फारशी जागा उरू देत नाही.

चर्चेत न आलेली एक गोष्ट अनुभवातून सांगतो. आम्ही काही जणांनी परवानगी घेऊन एका पट्ट्यातील गिरिपुष्प बुंध्याशी तोडले आणि काम फत्ते झाले असे समजून निर्धास्त झालो. पावसाळा सरेपर्यंत एकेका खोडातून इतके फुटवे आले होते की झाडी पूर्वीपेक्षा दाट वाटू लागली. तेव्हापासून आम्ही दर दोन-तीन महिन्यांनी कोवळे फुटवे खुडतो आणि मोकळ्या झालेल्या जागेत आपोआप उगवलेल्या देशी रोपांभोवती केवळ दगडांचे आळे करतो. छायाचित्र काढण्याजोगे हे काम नाही, त्यामुळे रविवारी माणसेही कमीच येतात.