मदत हवी आहे: अलायन्स-होर्ड दोघांनाही पटेल अशी पुनर्बांधणीची कथा कशी रचावी?

नमस्कार मंडळी,

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन खेळाची कथा जीव लावून वाचणाऱ्यांकडून मदत हवी आहे. प्रश्न लांब आहे, पण आवरता घेतला तर पेच नेमका कुठे आहे ते कळणार नाही.

आमची रोल-प्ले गिल्ड आहे, म्हणजे आपापल्या कॅरेक्टरच्या भूमिकेत शिरून खेळणाऱ्यांचा संघ. २०२३ च्या मे महिन्यात १०.१ पॅचने (खेळाच्या अपडेटने) खेळातल्या दोन्ही वैरी गटांना एकाच गिल्डमध्ये राहायची मुभा दिली, तेव्हापासून आमच्याकडे अलायन्स आणि होर्ड दोन्हींची मंडळी आहेत. आता सगळ्यांनी मिळून एक मोठी कथा खेळायची ठरली आहे: युद्ध संपलंय, उद्ध्वस्त झालेली एक जागा पुन्हा उभी करायची आहे. लिहायचं काम माझ्याकडे आलं. जागा कुठली घ्यायची हे विचारलं आणि चर्चा "आमचं जास्त जळलं" आणि "तुम्हाला सगळं परत मिळालं" यावर येऊन अडकली.

अडचण अशी की दोन्हीकडचं म्हणणं खरं आहे.

अलायन्सवाले गिल्नीअस, थेरामोर, टेल्ड्रासिल अशी नावं घेतात. २०१० मध्ये गिल्नीअसवर फॉरसेकन (होर्डमधली, मेल्यावर पुन्हा उठलेली माणसं) चालून आले, राजपुत्र लियमने बापासाठी, राजा गेन ग्रेमेनसाठी, आलेला बाण अंगावर घेतला, आणि पुढे कितीतरी वर्षं ते शहर ओस पडून राहिलं. २०१२ मध्ये थेरामोरवर मॅना बॉम्ब पडला. २०१८ मध्ये टेल्ड्रासिल, नाइट एल्फ लोकांचं महावृक्षावरचं घर, जळालं. होर्डवाले म्हणतात, आमच्या टॉरेन लोकांचा कॅम्प टॉराहो कुणी जाळला? डालारान शहरातून सनरीव्हर्सना, आमच्या एल्फ लोकांना, कुणी हुसकावलं? ट्रोलांच्या राजधानीत, डझारअलोरमध्ये, घुसून रास्ताखान राजाला कुणी मारलं? त्यांची याहून मोठी तक्रार वेगळीच आहे आणि मला ती रास्त वाटते. गॅरोश काय, सिल्व्हानस काय, दोनदा त्यांच्याच वॉरचीफला, म्हणजे होर्डच्या प्रमुखाला, खलनायक केलं गेलं आणि दोन्ही वेळा त्यांना त्या वॉरचीफच्या सैन्यात लढावं लागलं. खेळणाऱ्याला कुणी विचारलंच नाही.

टेल्ड्रासिलचंच पाहा. अलायन्सच्या खेळाडूला जळत्या डार्नासस शहरात पाठवतात. चहूकडे ज्वाळा, पडलेली माणसं, आणि शेकडो लोकांना बाहेर काढायचं काम. वेळ मात्र तीनच मिनिटं. कितीही धावलात तरी थोडेच हाती लागतात आणि क्वेस्ट (खेळाने दिलेली कामगिरी) तशीच पूर्ण होते. आमच्या गिल्डमधल्या एकीने त्या दिवसापासून आपल्या नाइट एल्फला पुन्हा हसताना खेळलेलं नाही. त्याच वेळी होर्डचा खेळाडू अ‍ॅशनव्हेल आणि डार्कशोअरमधून लढत वर गेलेला असतो. त्याला वाटतं आपण मोहिमेवर आहोत, आणि शेवटी "जाळा" हा हुकूम सिल्व्हानसच्या तोंडून त्याला चित्रफितीत ऐकायला मिळतो. त्याने मशाल हातात घेतली नाही, पण तो तिथे होता. या दोघांना मी एकाच चुलीसमोर बसवून "चला, आता घरं बांधू" कसं म्हणू?

परत मिळालेल्या गोष्टींचा हिशोबही सरळ नाही. कॅटक्लिझम हा खेळाचा विस्तार येण्याआधी, २०१० मध्येच, दोन घटना जवळजवळ एकाच वेळी घडल्या. होर्डच्या ट्रोल लोकांनी झालाझेन या मांत्रिकाला संपवून आपली एको आइल्स बेटं परत घेतली. अलायन्सच्या नोम लोकांनी आपल्या गमावलेल्या नोमरेगन शहरावर चाल केली, आणि त्यांच्या पदरात जमिनीवरचा तुकडा पडला. खालचं शहर राहिलं ते राहिलंच. एकाला घर मिळालं, दुसऱ्याला अंगण. आमच्या नोम खेळाडूंना अजून ते सलतं.

गिल्नीअस शेवटी जानेवारी २०२४ मध्ये, १०.२.५ पॅचमध्ये, परत मिळालं. मी ती क्वेस्टलाइन दोन्ही बाजूंनी खेळले. गेन ग्रेमेन मुलीच्या, टेसच्या, हाती राज्य सोपवतो तो भाग सुंदर आहे. पण शहर बळकावून बसलेला शत्रू निघतो स्कार्लेट क्रुसेड, माणसांची एक धर्मवेडी फौज. म्हणजे ज्यांनी शहर उद्ध्वस्त केलं ते फॉरसेकन मदतीला येतात, तिसऱ्याच कुणाला तरी सगळे मिळून हाकलतात, आणि आधीच्या वर्षांचं जे काही बोलायचं होतं ते दोन-चार वाक्यांत आटपतं. माझ्या मते अन्याय इथे झाला, आणि तो दोन्ही गटांवर झाला. गिल्नीअसवाल्यांना जाब विचारता आला नाही. फॉरसेकनना जाब देता आला नाही.

म्हणून जळलेल्या शहरांची बेरीज-वजाबाकी मला करायचीच नाही. ज्याचं गेलं त्याला काय, कुठे आणि कुणासोबत बांधायचं हे स्वतः ठरवता यावं, आणि ज्याच्या बाजूने नुकसान केलं त्याला समोर उभं राहावं लागावं. एवढं साधलं तर कथा न्याय्य होईल असं मला वाटतं. मात्र होर्डच्या मंडळींना पश्चात्ताप करणारे हमाल बनवून टाकायचं नाही. तेही आपलं कॅरेक्टर तितक्याच प्रेमाने जपतात.

तर जागा कुठली घ्यावी? बाहेरचा शत्रू न आणता कथेत ताण कसा ठेवावा? आणि होर्डच्या खेळाडूंना स्वतःचं असं काय काम द्यावं?

– चांदणवेल

प्रतिसाद: जुना शमन

कामाची वाटणी करायची असेल तर आनकिराज आठवा. २००६ मध्ये त्या बंद शहराचा दरवाजा उघडण्याआधी अख्ख्या सर्व्हरने युद्धसाहित्य जमवलं होतं. अलायन्सचा ढीग आयर्नफोर्जमध्ये, होर्डचा ऑर्ग्रिमारमध्ये. त्याची रचना फार विचारपूर्वक केलेली होती. तांब्याच्या कांड्या दोघांनीही द्यायच्या. पट्ट्या मात्र अलायन्सने लिननच्या, होर्डने वुलच्या. काही गोष्टी सामाईक, काही ज्याच्या त्याच्या. दोन्ही गटांचं काम पूर्ण झाल्याशिवाय पुढचं काही हलत नव्हतं, त्यामुळे पलीकडचा ढीग किती वाढला याची चौकशी आपणहून केली जायची.

दुसरं उदाहरण २००८ चं क्वेलडानास बेट. अल्डोर आणि स्क्रायर्स या दोन पंथांचं एकमेकांशी हाडवैर, तरी त्यांनी मिळून बेट टप्प्याटप्प्याने सोडवलं. आधी पाय रोवायला जागा, मग शस्त्रागार, मग बंदर. जोडीला लोहाराची भट्टी आणि किमयागाराची प्रयोगशाळा उभी राहिली. रोज थोडं काम करायचं आणि आपल्या डोळ्यांदेखत जागा बदलताना पाहायची. तुमच्या कथेतही प्रत्येक सत्राअखेर एक ठरावीक गोष्ट उभी राहू द्या. विहीर, धक्का, भट्टी, काहीही. नुसत्या बैठका आणि भाषणं ठेवलीत तर लोक कंटाळतील.

प्रतिसाद: पानगळ

जागेसाठी साउथशोर सुचवते. हिल्सब्रॅडमधलं ते माणसांचं बंदर. खेळाच्या सुरुवातीच्या वर्षांत टॅरन मिल आणि साउथशोर यांच्या मधल्या रस्त्यावर दोन्ही गटांची माणसं तासन्‌तास लढायची, त्यामुळे जुन्या खेळाडूंची नाळ त्या जागेशी जुळलेली आहे. कॅटक्लिझममध्ये फॉरसेकननी तिथे ब्लाइट, म्हणजे त्यांचं जीवघेणं विष, ओतला. आता पडकी घरं आणि हिरवा चिखल.

जोडीला कॅम्प टॉराहो घेता येईल. तो त्याच काळात अलायन्सने जाळला. जनरल हॉथॉर्नने साध्या लोकांना निसटता यावं म्हणून वेढ्यात मुद्दाम फट ठेवली होती, पण छावणी जळाली ती जळालीच. एक जखम या बाजूची, एक त्या बाजूची. दोन्ही गट आळीपाळीने यजमान होतील.

चांदणवेल: पानगळ, साउथशोर ऐकताच पटलं. टॉराहोबद्दल धाकधूक आहे. दोन जागा समोरासमोर ठेवल्या की पुन्हा तराजू येणार. फट ठेवून जाळणं आणि ब्लाइट ओतणं एकाच मापाचं का, यावर आमच्याकडे पहिल्याच रात्री वाद पेटेल.

पानगळ: मग पेटू दे की गं. तो वाद कॅरेक्टरांच्या तोंडून झाला तर तीच कथा आहे. टॉरेन म्हणेल, "फट ठेवली म्हणून आम्ही आभार मानायचे का?" यावर माणसांकडे सोपं उत्तर नाही, आणि तसंच असायला हवं. फक्त दोन्ही जागा एकदम उघडू नकोस. साउथशोरचं अर्धं काम झाल्यावर एखाद्या टॉरेनला विचारू दे की आमच्याकडे कधी येताय.

प्रतिसाद: दीपमाळ

मी फायनल फँटसी १४ खेळते, तिकडचं एक सांगते. डिसेंबर २०१९ पासून तिथे इशगार्ड शहराची पुनर्बांधणी झाली. हस्तकलेच्या आणि खाणी-बागांच्या कामातल्या खेळाडूंनी सामान आणून दिलं आणि एक अख्खी वस्ती टप्प्याटप्प्याने उभी राहिली. पण ती मनाला भिडली याचं कारण बांधकाम नव्हतं. ड्रॅगन आणि माणसं यांचं युद्ध हजार वर्षं चाललेलं. माणसांना शिकवलेलं की सुरुवात ड्रॅगननी केली. कथेत आधी उघड होतं की पहिला घात माणसांनीच केला होता. ते सत्य बाहेर आल्यावर शहर हादरतं, भांडतं, आणि मग कुठे दगडावर दगड चढतो. तुमच्या कथेतही विटांच्या आधी जबानी ठेवा. त्या रात्री काय घडलं ते जो तिथे होता त्याने सांगावं, बाकीच्यांनी फक्त ऐकावं.

प्रतिसाद: राखवाला

मी कायम होर्डकडून खेळत आलोय, फॉरसेकन. वरची जबानीची कल्पना चांगली आहे, पण एक विनंती. प्रत्येक होर्ड कॅरेक्टरला एकच अपराध चिकटवू नका. बॅटल फॉर अ‍ॅझेरॉथमध्ये निदान एवढं तरी केलं होतं की सिल्व्हानसविरुद्ध उठलेल्या सॉरफँगच्या बाजूने जायचं की सिल्व्हानसशी निष्ठा ठेवायची हे खेळाडूला निवडता आलं. तसंच इथे करा. साउथशोरच्या वेळी आपण कुठे होतो हे ज्याचं त्याने ठरवावं. कुणी ब्लाइटची पिंपं वाहिली असतील, कुणी हुकूम ऐकून मागे फिरला असेल, कुणी तेव्हा जिवंत माणूस असेल आणि त्याच गावात मेला असेल. हा शेवटचा पर्याय फॉरसेकनशिवाय कुणाकडे आहे? ज्या गावाचा मी खून झालेला नागरिक, तेच गाव मारणाऱ्यांच्या झेंड्याखाली मी आज उभा. असं कॅरेक्टर खेळायला मी एका पायावर तयार आहे.

आणि काम म्हणाल तर तो चिखल दुसरं कोण काढणार? ब्लाइट बनवणारे किमयागार आमचे, तो कसा उतरवायचा हे आम्हालाच ठाऊक. ९.२.५ पॅचमध्ये आपल्या जुन्या शहरात, लॉर्डेरॉनला, परतताना फॉरसेकनना आपल्याच राणीने, सिल्व्हानसने, ओतलेला ब्लाइट साफ करावा लागला होता. ही हमाली नव्हे, हे कसबाचं काम आहे. माणसांना आमच्या हातावर विश्वास ठेवावा लागेल, आणि तुम्हाला हवा असलेला ताण तिथे आयता मिळेल. आम्ही विहिरीत जे ओततोय ते औषध आहे की आणखी काही, हे त्यांना कसं कळणार?

प्रतिसाद: जुना शमन

राखवाल्याचं वाचून आठवलं. २०१९ च्या डझारअलोर रेडमध्ये (अनेकांनी मिळून खेळायच्या मोहिमेत) काही लढाया समोरच्या गटाचं रूप घेऊन लढाव्या लागायच्या. रास्ताखानचा मृत्यू होर्डच्या खेळाडूंनीही अलायन्सच्या अंगात शिरूनच पाहिला. जबानीच्या रात्री तसं करा. फॉरसेकनची जबानी अलायन्सच्या खेळाडूने लिहायची आणि गावकऱ्याची होर्डच्या. मूळ मालकाला आधी दाखवून घ्यायची, म्हणजे कुणाच्या कॅरेक्टरची मोडतोड होणार नाही.

चांदणवेल:

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आराखडा असा धरते. जागा साउथशोर. पहिलं सत्र जबानीचं, जुन्या शमनने सांगितलं तसं अदलाबदल करून. मग विहीर, धक्का आणि घरं, प्रत्येक सत्रात एक. विहिरीचं काम राखवाला आणि त्याच्या किमयागारांकडे, आणि पाणी पहिल्यांदा कुणी प्यायचं हे गावकरी ठरवतील. सामानाची वाटणी आनकिराजच्या धर्तीवर, काही सामाईक, काही आपापलं. टॉराहोचा प्रश्न मधे कधीतरी एक टॉरेन उठून विचारेल. कोण ते मी आधी कुणालाच सांगणार नाही.

एक गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. गाव उभं राहिल्यावर तिथे राहायचं कुणी? राखवाल्याचं कॅरेक्टर म्हणेल, मीही इथलाच, माझं घर त्या गल्लीत होतं. आणि ज्यांची माणसं ब्लाइटमध्ये गेली ते म्हणतील, तुम्ही साफ केलंत, उपकार झाले, आता जा. मी लेखिका म्हणून याचा निकाल लावू की गिल्डला मत द्यायला लावू? मताला टाकलं तर आमच्याकडे अलायन्सची डोकी जास्त आहेत, निकाल आधीच ठरलेला.

राखवाला: मत नको. ज्या घराचा वारस जिवंत आहे त्या घराचा निर्णय त्याचा, ज्याचा नाही त्याचा गावसभेत, आणि सभेत दोन्ही गटांच्या जागा सारख्या. मला घर नाही मिळालं तरी चालेल. पण नाही म्हणणाऱ्याने ते माझ्या दारात उभं राहून म्हणायचं.

चांदणवेल: हे घेते. पहिल्या सत्राचा मसुदा लिहिला की इथेच टाकते. पानगळ, गावकऱ्यांच्या जबान्या तू तपासशील का?

पानगळ: हो, पाठव.