उन्हाळ्यात उतरताना जमीन जास्त वेगाने धावते. वेग कमी करावा का?

रामबागकर (इंदूर)

नमस्कार. मी इंदूरला खासगी वैमानिक परवान्यासाठी उड्डाण शिकत आहे. हिवाळ्यात सुरुवात केली तेव्हा बहुतेक उड्डाणे सकाळी लवकर होत असत आणि सेसना १७२ हे छोटे विमान फायनलवर (धावपट्टीच्या रेषेत उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात) ६५ नॉटला (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) स्थिर ठेवणे हाताच्या सवयीचे झाले होते. एप्रिल लागल्यापासून प्रवासी विमानांच्या गर्दीमुळे आमची पाळी बहुधा दुपारवर ढकलली जाते, आणि आता वेगमापकाचा काटा त्याच ६५ वर असताना धावपट्टी मात्र अंगावर धावून आल्यासारखी वाटते. शिवाय फ्लेअर केल्यावर (टेकण्याआधी नाक हलके वर घेतल्यावर) विमान टेकायलाच तयार नसते, लांबवर तरंगत जाते. मन सांगते की वेग जास्त आहे, नाक थोडे वर घेऊन ६० पर्यंत यावे. प्रशिक्षक म्हणतात, काटा सोडू नका. त्यांचे मी ऐकतोच. परंतु कारण समजले तर हातही ऐकेल, म्हणून इथे विचारतो. (वय पन्नाशीकडे झुकले आहे, पाठांतरापेक्षा कारण लवकर मुरते.)

जुना प्रशिक्षक (वडोदरा)

रामबागकर, आपले प्रशिक्षक बरोबर सांगत आहेत आणि आपल्याला जे दिसते तेही खोटे नाही.

वेगमापकाचा काटा खरे तर वेग मोजतच नाही. पिटो नळीत शिरणाऱ्या हवेचा दाब आणि बाहेरच्या स्थिर हवेचा दाब यांतला फरक तो मोजतो. तबकडीवर त्याची खूण नॉटमध्ये केलेली असते, इतकेच. पंखाला उचल मिळते तीही याच दाबाच्या हिशेबाने. हवा विरळ झाली की तेवढाच दाब मिळवण्यासाठी विमानाला प्रत्यक्षात अधिक वेगाने जावे लागते; त्यामुळे काटा ६५ वर राहतो, पंखाला हवे ते मिळते आणि जमीन मात्र भराभर मागे सरकते.

इंदूर विमानतळाची उंची सुमारे १,८५० फूट आहे. त्या उंचीवर प्रमाण वातावरणाचे (हिशेबासाठी धरलेल्या सरासरी हवेचे) तापमान ११ अंशांच्या आसपास धरतात. मे महिन्यातल्या दुपारी ४१ अंश असतील तर फरक ३० अंशांचा झाला, आणि दर अंशामागे १२० फूट या ढोबळ नियमाने उंचीत ३,६०० फुटांची भर पडली. म्हणजे आपण बिजासन टेकडीशेजारी उभे असलात तरी पंखांना आणि इंजिनाला जी हवा मिळते ती जवळजवळ ५,४५० फुटांवरची, कळसूबाईच्या शिखराएवढ्या उंचीवरची. अशा हवेत काट्यावरचे ६५ नॉट प्रत्यक्षात ७०-७१ होतात.

पूर्ण फ्लॅप (कमी वेगात उचल वाढवणाऱ्या, पंखामागच्या झडपा) असताना ६० हा आकडा स्वतः घातक नाही. जमिनीकडे पाहून वेग ठरवण्याची सवय घातक आहे, कारण तीच सवय बेसवरून (फायनलच्या आधीच्या, धावपट्टीला आडव्या टप्प्यावरून) फायनलकडे वळतानाही हाताला ओढते. त्या वळणात विमान ३० अंश कलले तर स्टॉलचा वेग (ज्याखाली पंखाची उचल एकाएकी तुटते तो) सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि ४५ अंश कलले तर जवळजवळ १९ टक्क्यांनी; आणि तिथे सावरायला उंची फारशी नसते.

पश्चिम वारा (इंदूर)

वरचा हिशेब मला मान्य आहे, पण तो अपुरा वाटतो. हिवाळ्यातल्या सकाळी १२ अंश तापमान असतानाही इंदूरला ६५ नॉट म्हणजे प्रत्यक्षात ६७ नॉट होतेच. म्हणजे उन्हाने घातलेली भर फार तर चार नॉटांची आहे, आणि नवशिक्याला एवढ्याने धावपट्टी अंगावर येते असे वाटेल हे मला पटत नाही. उलट दुपारचा पश्चिमेचा वारा धावपट्टी २५ वर (जिथे पश्चिमेकडे तोंड करून उतरतात) समोरून मिळाला असता तर जमीन हिवाळ्यापेक्षा हळू सरकायला हवी होती. आपण कोणत्या धावपट्टीवर उतरत होता आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) काय सांगत होता, ते आधी सांगावे.

रामबागकर

लॉगबुकाबरोबर ठेवलेले टिपण काढून पाहिले. ज्या दिवशी हे सर्वाधिक जाणवले, त्या दिवशी टॉवरने वारा हलका आणि दिशा बदलती असल्याचे सांगितले होते. धावपट्टी २५ च वापरात होती, पण आम्ही उतरलो तेव्हा वारा पूर्वेकडून, पाच नॉटांच्या आसपास होता.

पश्चिम वारा

मग कोडे सुटले. ७१ अधिक ५, म्हणजे जमिनीवरचा वेग ७६ नॉट. हिवाळ्यातल्या निवांत सकाळी तो ६७ होता. ही नऊ नॉटांची वाढ कोणालाही जाणवेल. तरंगत जाण्याचे कारणही बरेचसे हेच आहे. त्यात तापलेल्या धावपट्टीवरून वर उठणारी हवा भर घालते. मागे एअरबस असली की टॉवर वेग टिकवून ठेवायला सांगतो, आणि ते जादा पाच-सात नॉट फायनलवर वेळेत उतरले नाहीत तर तेही फ्लेअरमध्ये तरंगण्यातच खर्च होतात.

जुना प्रशिक्षक (वडोदरा)

पश्चिम वारा यांचे म्हणणे रास्त आहे. वाऱ्याबद्दल मी आधी विचारायला हवे होते. तरीही काट्याचा आकडा बदलत नाही. वारा मागून असेल तर दुसऱ्या बाजूची धावपट्टी मागता येते. गर्दीत ती मिळेलच असे नाही.

एक गोष्ट मात्र आताच ठरवून ठेवावी. इंदूरची धावपट्टी २,७५० मीटर लांब असल्यामुळे तरंगणे तिथे पचून जाते. परवान्यासाठी मात्र आपल्याला एकट्याने १५० नॉटिकल मैलांचे क्रॉस-कंट्री (एका विमानतळावरून दूरच्या दुसऱ्यावर जाणारे) उड्डाण करून दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरावे लागेल, आणि तिथली धावपट्टी इतकी उदार असेलच असे नाही. टेकल्यानंतरची धाव जमिनीवरच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे ६७ ऐवजी ७६ असताना ती सव्वापटीहून अधिक होते. म्हणून पहिल्या तृतीयांशात चाके टेकली नाहीत तर गो-अराउंड करायचे (उतरणे सोडून पुन्हा वर चढायचे), हा नियम इंदूरच्या लांब धावपट्टीवरच अंगवळणी पाडावा. उन्हाळ्यात इंजिनाची ताकद घटलेली असते, तेव्हा निर्णय लवकर घ्यावा, पूर्ण थ्रॉटल देऊन फ्लॅप आधी फक्त २० अंशांवर आणावेत आणि विमान चढू लागल्याशिवाय पुढचे फ्लॅप उचलू नयेत.