मदत हवी आहे: मणक्यातलं पाणी नॉर्मल आलं, तरी जीबीएस (गुईलेन बॅरे सिंड्रोम, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर हल्ला करते तो आजार) असू शकतो का?

मोठ्या भावासाठी विचारतेय. आधी जुलाब झाले. ते थांबून आठवडा उलटतो न उलटतो तोच तळपायांना मुंग्या यायला लागल्या. मग जिना चढताना कठडा धरावा लागला. आता खुर्चीतून उठता येत नाही, आणि पाण्याच्या बाटलीचं झाकणही वहिनीच उघडून देते. डॉक्टरांनी गुडघ्याखाली हातोडी मारली तर पाय जरासुद्धा उडाला नाही.

ॲडमिट केलंय. पोटॅशियम आणि मणक्याचा एमआरआय नॉर्मल. न्यूरोचे डॉक्टर जीबीएस म्हणतात. पण तिसऱ्याच दिवशी काढलेल्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं नाही, एनसीव्हीतही (नसांमधून संदेश किती वेगाने जातो ते बघणारी तपासणी) फारसं काही नाही. तरी आयव्हीआयजी (शिरेतून देतात ते अँटीबॉडीजचं औषध) लगेच सुरू करायचं म्हणतायत. थांबून पुन्हा तपासण्या कराव्यात का? घरात दोन तट पडलेत, त्यात काका स्टिरॉइडच द्या म्हणून मागे लागलेत.

प्रतिसाद १
न्यूरोलॉजीत काम करतो. पेशंट पाहिलेला नाही, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

हो, असू शकतो. पहिल्या आठवड्यात प्रोटीन बऱ्याच जणांचं नॉर्मलच येतं, एनसीव्हीचंही तसंच. सुरुवातीला निदान ठरतं ते हकीकत आणि हातोडीवरच. पाण्यात पेशी किती होत्या ते मात्र विचारा. ५० च्या वर असतील तर दुसरं कारण शोधायला हवं. लघवी अडकत असेल तर तेही सांगा, मज्जारज्जूकडे पुन्हा बघावं लागेल.

चालता येत नसेल तर आयव्हीआयजी पहिल्या दोन आठवड्यांत द्यायचं असतं, त्यामुळे नुसत्या रिपोर्टसाठी थांबण्यात अर्थ नाही. स्टिरॉइडचा जीबीएसमध्ये उपयोग होत नाही. ८ आठवड्यांनंतरही वाढत राहणाऱ्या सीआयडीपीत (नसांचा असाच, पण लांबत जाणारा आजार) होतो. काकांनी बहुधा त्याबद्दल ऐकलं असावं.

आणि रिपोर्टपेक्षा श्वासाकडे बघा! ऑक्सिजनचा आकडा बराच वेळ चांगला दिसतो, त्यावर विसंबू नका. एका दमात आकडे म्हणायला लावा. गिळताना ठसका, बारीक झालेला आवाज, उशीवरून मान न उचलणं, यातलं काही दिसतंय का?

धागाकर्ती
वहिनीने आत्ताच म्हणायला लावले. १५ वर दम संपला. ठसका नाही, पण मान उचलायला त्रास होतोय.

प्रतिसाद १
मग इथे लिहीत बसू नका. ड्युटी डॉक्टरांना आत्ता बोलवा आणि व्हायटल कपॅसिटी (पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त किती हवा बाहेर सोडता येते ते) मोजायला सांगा. वजनाच्या किलोमागे २० मिलीच्या खाली असेल तर आयसीयूतच हलवायला हवं. आयव्हीआयजी तिथेही देता येतं.