बाबांचा जुना लॅपटॉप आणि बाहेरची डिस्क

नमस्कार मंडळी,

डिसेंबरात फोंड्याला घरी जातोय. बाबांच्या लॅपटॉपवर विंडोज १० आहे, प्रोसेसर पाचव्या जनरेशनचा, त्यामुळे ११ काही चढत नाही आणि १० चा सपोर्ट तर १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. फॉरमॅट मारायचा नाहीये, कारण जत्रेतल्या नाटकांच्या सगळ्या संहिता जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत, दुसरीकडे उघडल्या की नुसती गिचमिड दिसते. लिनक्स पेनड्राइव्हवरून चालतं म्हणतात, तसं करून दिलं तर बाबांना रोज वापरता येईल का? कोणी केलंय?

---

नमस्कार दादा,

येईल की, पण पेनड्राइव्हवर नको. लाइव्ह लिनक्स म्हणजे बंद केलं की सगळं साफ, बाबांनी रात्री लिहिलेला प्रवेश सकाळी गायब. लिहिलेलं टिकवून ठेवणारी पर्सिस्टन्स नावाची सोय असते पण साधे पेनड्राइव्ह बारीकसारीक सतत लिहिण्यात फार रखडतात. त्यापेक्षा एक्स्टर्नल एसएसडी घ्या, २५० जीबीची बास झाली, तिच्यावर मिंट (लिनक्सचाच एक सोपा प्रकार) नीट इन्स्टॉल करा, पेनड्राइव्ह फक्त इन्स्टॉलरपुरता. तो रुफस किंवा एचर या प्रोग्रामने बनवा, मिंटची डाउनलोड केलेली आयएसओ फाइल नुसती कॉपी करून ठेवली तर बूट होत नाही. आणि एसएसडी निळ्या पोर्टलाच लावा, यूएसबी ३ म्हणजे ५ जीबीपीएस, जुन्या २.० ला ४८० एमबीपीएसच, तिथे डोकं उठेल.

आता मेन गोष्ट, इथेच लोक अडकतात. इन्स्टॉल करताना बूटलोडर (मशीन चालू झालं की सिस्टीम उठवणारा छोटा प्रोग्राम) कुठे टाकायचा म्हणून तुम्ही एसएसडी निवडलीत तरी यूईएफआय मशीनवर, म्हणजे नव्या पद्धतीने बूट होणाऱ्या, मिंटचा इन्स्टॉलर बरेचदा तो आतल्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच (बूटलोडर ठेवायचा छोटा कप्पा) टाकतो. मग एसएसडी काढली की विंडोज यायच्या ऐवजी काळ्या स्क्रीनवर ग्रबचा, म्हणजे लिनक्सच्या बूटलोडरचा, प्रॉम्प्ट, आणि तीच एसएसडी शेजाऱ्यांच्या मशीनला लावली तर तिथे ओळखतच नाही. दादा, बाबांचं विंडोज तुम्ही त्या संहितांसाठीच ठेवताय ना, मग तिथे बोटसुद्धा लागता कामा नये. सगळ्यात खात्रीचं म्हणजे मागचं झाकण उघडून आतली डिस्क तेवढ्यापुरती काढून ठेवायची, मग इन्स्टॉलरला दुसरी जागाच उरत नाही, एसएसडीवरच छोटं फॅट३२ प्रकारचं ईएफआय पार्टिशन करून तो तिथेच बसतो. झाकण उघडायचं नसेल तर जीपार्टेड या पार्टिशनच्या प्रोग्राममध्ये आतल्या ईएफआय पार्टिशनचे बूट आणि ईएसपी हे फ्लॅग (खुणा) काढा, काम झालं की आठवणीने परत लावा.

हात लावायच्या आधी बिटलॉकर (विंडोजचं डिस्कचं कुलूप) चालू आहे का बघा, असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या, सिक्युअर बूट (खात्रीच्याच सिस्टीमला उठू देणारं सेटिंग) बदललं की विंडोज ती मागतं. मिंट सिक्युअर बूट चालू असतानाही उठतं, म्हणून उगाच बंद करू नका. कशावरून बूट करायचं ते निवडायच्या बूट मेन्यूची की कंपनीप्रमाणे वेगळी, एफ१२, एफ९ नाहीतर एस्केप.

---

ताई, खूप आभार, झाकण उघडूनच करतो. दोन शंका. मिंटमधून विंडोजची डी ड्राइव्ह उघडेल का? आणि आमच्याकडे पावसात लाईट सारखी जाते, लॅपटॉपची बॅटरी तर मेलेलीच आहे.

---

उघडेल, पण विंडोजचं फास्ट स्टार्टअप आधी बंद करा. ते चालू असलं की शट डाऊन केल्यावरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि मिंटला ती ड्राइव्ह फक्त वाचता येते, तिच्यात लिहिता येत नाही.

लाईटचं म्हणाल तर बॅटरी नवीन टाकाच. इन्स्टॉल करताना एसएसडीचं पार्टिशन एक्स्ट४ या लिनक्सच्या प्रकारचं ठेवा, त्यात जर्नल (बदलांची नोंदवही) असतं म्हणून मध्येच लाईट गेली तरी फाइल सिस्टीम सहसा सावरते, पण सेव्ह न केलेलं पान जाणारच, तेव्हा लिबरऑफिसमध्ये ऑटोसेव्ह दोन मिनिटांवर आणा. केबल आखूड घ्या आणि बाबांना एवढं पक्कं सांगा की मशीन चालू असताना ती ओढायची नाही, पेनड्राइव्हसारखी ती काढायची वस्तू नव्हे, सगळी सिस्टीमच तिच्यावर चाललेली असते.

मराठीसाठी कीबोर्ड सेटिंगमध्ये कागप फोनेटिक (उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) मिळतो, इन्स्क्रिप्ट या सरकारी कीबोर्डची सवय असेल तर आयबस या भाषा टाइप करायच्या सोयीमध्ये एम१७एन टाका. नवीन नाटक युनिकोडमध्येच लिहू दे त्यांना, मग कुठल्याही मशीनवर उघडेल.