मदत हवी आहे : शेअर चढला, तरी कॉलचा भाव कसा पडला?

उंबरठा : काल तिमाही निकाल चांगले लागले आणि शेअर १०० वरून १०३ वर गेला; माझा कॉल (ठरलेल्या भावाने, ठरलेल्या मुदतीत शेअर विकत घेण्याचा हक्क) मात्र २.२० वरून १.०० वर आला. हा भाव ठरवतो तरी कोण? विकायचा की ठेवायचा हे आजच ठरवायचे असल्याने कृपया लवकर सांगावे.

चक्रपाणि : स्ट्राइक (म्हणजे शेअर घेण्याचा तो ठरलेला भाव) आणि उरलेली मुदत सांगितल्याशिवाय कोणी काय सांगणार?

उंबरठा : स्ट्राइक ११०, मुदत १९ दिवस. पण त्याचा पडण्याशी काय संबंध?

चक्रपाणि : व्याज शून्य धरून ब्लॅक-शोल्स सूत्रात (अशा हक्काची किंमत काढण्याचे प्रसिद्ध सूत्र) आकडे घातले, तर कालच्या भावात वर्षाला सुमारे ६० टक्के चढउतार गृहीत धरलेला दिसतो आणि आजच्या भावात सुमारे ३५. निकालांबाबतच्या अनिश्चिततेचेच पैसे आपण मोजले होते. ती संपताच, शेअर ३ ने वाढूनही, ११० ओलांडण्याची शक्यता घटली.

जुनाजाणता : सूत्राने भाव ठरत नाही हो! भाव आधी बाजारात ठरतो आणि चढउताराचा आकडा त्यातून मागाहून काढतात. १९८७ च्या ऑक्टोबरमधील पडझडीनंतर निर्देशांकाचे खालच्या स्ट्राइकचे पुट (ठरलेल्या भावाने विकण्याचे हक्क) चढउताराच्या या मापाने महागच राहिले आहेत. सूत्र तंतोतंत खरे असते, तर एका मुदतीच्या सर्व स्ट्राइकना एकच आकडा निघाला असता.

चक्रपाणि : सूत्र भाव ठरवते असे मी म्हटलेलेच नाही, ती केवळ मोजपट्टी आहे.

मंदाकिनी : लाभांश मिळणार नसेल, तर कॉल मुदतीआधी वापरून शेअर घेऊ नये, कॉलच विकावा, वापरल्यास उरलेल्या मुदतीची किंमत बुडते.

उंबरठा : वापरण्याचा विचारच नाही. शिवाय हे एका बँकेने काढलेले कॉल वॉरंट आहे, म्हणजे बँकेने विकलेला कॉलसारखाच हक्क.

जुनाजाणता : हे पहिल्याच ओळीत लिहायला हवे होते! अशा वॉरंटचे घेण्याचे आणि विकण्याचे भाव बहुधा ती बँकच लावते, आणि हातात नसलेले वॉरंट आपल्याला आधी विकून मागाहून घेता येत नाही, त्यामुळे ते तशाच ऑप्शनपेक्षा (बाजारातल्या साध्या कॉलपेक्षा) महाग राहिले तरी ती तफावत मिटवणारा कोणी नसतो. एका शेअरला किती वॉरंट लागतात? आणि त्याच स्ट्राइकचा, त्याच मुदतीचा ऑप्शन कितीला आहे?

उंबरठा : एकास एक. ऑप्शन काल १.७० होता, आज ०.९५ आहे.

चक्रपाणि : म्हणजे वॉरंटच्या १.२० घसरणीपैकी ऑप्शनइतके ०.७५ निकालांनी नेले, उरलेले ०.४५ बँकेने आपल्या भावातून काढून घेतले.