महंतप्पाचा 'अग्रिमा': सॅक्सोफोन, गिटार आणि तबला, ऐकावा का?

कोमल_रिषभ
मंडळी, एक विचारायचं होतं. मी पक्की आपल्या हिंदुस्थानी संगीतातली, सवाई चुकवत नाही, आणि जॅझ म्हणाल तर कोल्ट्रेनचं नाव ऐकलंय इतकीच गती. तर ऑफिसातला एक जण हात धुऊन मागे लागलाय की अमेरिकन सॅक्सोफोनवादक रुद्रेश महंतप्पाच्या इंडो-पाक कोअलिशन या जॅझ संचाचा 'अग्रिमा' हा २०१७ चा अल्बम ऐकच म्हणून. तिघंच जण आहेत म्हणे. आता फ्यूजन म्हटलं की खरं सांगते मला धडकीच भरते, खाली कीबोर्डची गादी, वर कुणीतरी यमन आळवतंय, शेवटी सवाल-जवाब, टाळ्या, चला घरी. हेही तसलंच का? नसेल तर माझ्यासारखीने कान लावायचा कुठे?

ब्लू_नोट_दादर
तसलं नाही हो, बिनधास्त ऐका. यात कीबोर्डही नाही आणि बासही नाही. महंतप्पा अल्टो सॅक्सवर, रेझ अब्बासी गिटारवर (जन्म कराचीचा, वाढला कॅलिफोर्नियात, म्हणून ते 'पाक') आणि डॅन वाइस तबला नि ड्रम्सवर. महंतप्पा स्वतः जन्मला इटलीत, ट्रिएस्टला, वाढला अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये. म्हणजे घरात कन्नड आईवडील असले तरी पोरगा जॅझ सॅक्सोफोनिस्ट चार्ली पार्कर ऐकत मोठा झालेला. एक गंमत सांगतो, तो बोस्टनच्या बर्कली संगीत कॉलेजात शिकत असताना त्याच्या भावाने त्याला चेष्टा म्हणून कद्री गोपालनाथांचा अल्बम दिला, सॅक्सोफोनवर कर्नाटक संगीत म्हणजे काहीतरी विनोदी असणार असं भावाला वाटलं असावं, पण हा ऐकून हादरलाच, आणि पुढे २००८ मध्ये त्याच कद्रींना शेजारी घेऊन त्याने 'किन्समेन' केला. तो पण ऐका, पण तो नंतर.

आता कान कुठे लावायचा. नेहमीच्या फ्यूजनमध्ये राग उचलतात आणि ताल बिचारा चार मात्रांचा ड्रम मशीन होऊन बसतो. इथे मला उलटं वाटतं. 'रेवती' आणि 'रसिकप्रिया' अशी नावं आहेत ट्रॅक्सची, दोन्ही कर्नाटक राग, रेवती म्हणजे स्वर बघितले तर आपला बैरागीच, आणि रसिकप्रिया हा बहात्तर मेळकर्त्यांतला, म्हणजे त्यांच्या मूळ रागांतला, शेवटचा, पण तुम्ही राग शोधत बसलात तर चिडचिड होईल कारण रागाची सावकाश बढत वगैरे काही नाही, विस्तार सगळा जॅझच्या पद्धतीचा आहे. खरं देणं लयीचं आहे. सॅक्स आणि गिटार एकच वेडीवाकडी ओळ एकत्र वाजवतात, ती आवर्तनात कुठे पडते ते हातावर मोजून बघा, मग मजा येईल. बास नसल्यामुळे सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुणी हातात आणून देत नाही, आपणच पकडायची.

अजून एक, हा त्याने स्वतःच काढलाय, कुठल्या लेबलकडून नाही. २०१७ मध्ये त्याच्या वेबसाइटवर डाउनलोड अडीच डॉलरला होतं, म्हणजे तेव्हाचे आपले दीड-पावणेदोनशे रुपये. शौकिनांसाठी मोजक्या प्रतींची डबल एलपीही (दोन तबकड्यांची) काढली होती.

तिरकिट_तक
दादरकरांशी निम्मा सहमत. मी तबला शिकतोय म्हणून माझं रडगाणं वेगळं आहे. या तिघांचा पहिला अल्बम 'आप्ती', २००८ चा, त्यात वाइस फक्त तबला वाजवतो आणि सगळं अकूस्टिक आहे. डग्ग्याची (डाव्या हाताच्या तबल्याची) मींड, म्हणजे स्वर घसरवत नेणं, चाटेवरचा (कडेवरचा) 'ना', सगळं स्वच्छ ऐकू येतं. 'अग्रिमा'त ड्रम किट आलं, महंतप्पाने लॅपटॉप घेतला, अब्बासीच्या गिटारवर इफेक्ट्स, आणि आवाज मोठा झाला, रॉककडे झुकला म्हणा. मोठा झाला की तबला दबणारच ना. मला तरी नऊ वर्षांनी हे ऐकताना तबल्यासाठी कान ताणावा लागला.

पण वाइसला नावं ठेवायची नाहीत हां. गडी पं. समीर चटर्जींकडे वर्षानुवर्षं फरुखाबाद घराण्याचा तबला शिकलेला आहे, आणि २००५ मध्ये त्याने अख्खं तीनतालाचं सोलो ड्रम सेटवर वाजवून रेकॉर्ड केलं, पुढे झपतालाचंही. पेशकार, कायदा, रेला हे तबल्याचे रचनाप्रकार ड्रम सेटच्या स्नेअर आणि टॉमवर! तबलजी मित्रांना ऐकवलं तर दोघांनी कान धरले आणि एकाने फोन बंद कर म्हणून सांगितलं. कोमलताई, तुम्ही आधी आप्ती ऐका, मगच हा.

ब्लू_नोट_दादर
@तिरकिट_तक तबला दबतो हे मान्य, पण मग ड्रम्सवर तो जे हात वाजवतो ते तबल्याच्या तालमीतूनच आलेत की. साथसंगत म्हणून ऐकलं तर कमी वाटेल, तिघांत समान वाटा म्हणून ऐका. शिवाय तेच तेच परत करायला नऊ वर्षं कशाला थांबायचं?

मांडवी_काठचा
चर्चा छान चाललीय पण अमेरिकेपासून सुरुवात केलीत म्हणून मध्ये पडतो. नेवऱ्याचे ब्राझ गोन्साल्विस कुणाला आठवतात का? आमच्या गोव्याचे, सॅक्सोफोन वाजवणारे, जॅझ ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट यांचे जावई. सत्तरच्या दशकात कलकत्त्यात पियानोवादक लुई बँक्सबरोबर वाजवायचे, आणि पुढे रमामणींचं कर्नाटक गायन घेऊन जॅझ यात्रा सेक्स्टेट झालं त्यातही होते. तिकडे लंडनमध्ये तर १९६६ मध्येच जॉन मेयर (तो कलकत्त्याचाच) आणि जमैकाचा जो हॅरिअट यांनी पाच वादक आपले नि पाच जॅझचे असा संच बसवला होता, त्यातही अल्टो सॅक्सच पुढे. महंतप्पा भारीच आहे, मीही दोनदा ऐकला, पण 'पहिल्यांदाच' वगैरे कुणी म्हणायला लागलं की माझं डोकं फिरतं.

कोमल_रिषभ
बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्ता बसमध्ये आप्ती सुरू केलाय, पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सम चुकली पण सोडवत नाहीये. सॅक्सवरच्या मींडा मात्र मला सनईच्या जवळच्या वाटल्या, ते कद्रींकडून आलंय का?

तिरकिट_तक
काही अंशी असावं. कद्रींनी गमक (स्वराला दिलेलं आंदोलन) नीट काढता यावी म्हणून सॅक्सोफोनच्या किल्ल्यांमध्येच बदल करून घेतले होते, महंतप्पा मात्र साध्या अल्टोवर ओठांच्या दाबाने नि बोटांनी जमवतो. आणि बसमध्ये नका ऐकू हो, डग्गा इंजिनच्या आवाजात जातो.

मांडवी_काठचा
मुंबईकरांना एक विचारतो, १९७८ चा पहिला जॅझ यात्रा महोत्सव रंगभवनात झाला, अमेरिकन सॅक्सोफोनिस्ट सॉनी रोलिन्स आला होता, तेव्हाची कॅसेट-बिसेट कुणाच्या माळ्यावर पडलीय का? असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, डिजिटाइझ करायचा खर्च माझा.