जीपीएसविना दिशादर्शन करणारी प्रणाली तयार आहे. आयडेक्स, टीडीएफ की मोठ्या कंपनीची उपकंत्राटदारी?

भोसरीचा_अभियंता (प्रश्न)

नमस्कार. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमची लहान कंपनी आहे. वाहनांच्या सुट्या भागांतील दोष कॅमेऱ्याने हेरणाऱ्या यंत्रणा आम्ही बनवतो आणि आमचे सगळे उत्पन्न आजवर वाहन उद्योगातूनच आले आहे. त्याच तंत्राचा पुढचा भाग म्हणून, शत्रूने जीपीएसचे संकेत दडपले तरी खालच्या भूभागाची दृश्ये ओळखून ड्रोनला स्वतःचे स्थान सांगणारी एक प्रणाली आम्ही विकसित केली असून, मोकळ्या माळरानावर ती समाधानकारक चालते. संरक्षण खात्याचे संशोधन-कंत्राट मिळवावे अशी इच्छा आहे, परंतु मार्ग अनेक दिसतात आणि प्रत्येक मार्गाची शिफारस करणारा सल्लागारही भेटतो. संरक्षण खाते आपल्या अडचणी नवउद्योगांपुढे मांडून त्यांच्या उत्तरांना अनुदान देते त्या आयडेक्स योजनेच्या आव्हानात भाग घ्यावा, डीआरडीओच्या तंत्रज्ञान विकास निधीकडे म्हणजे टीडीएफकडे जावे, की एखाद्या मोठ्या ड्रोन कंपनीला हा भाग पुरवून मोकळे व्हावे? बौद्धिक संपदेचे काय होते आणि पहिली खरी ऑर्डर येईपर्यंत खेळते भांडवल कसे सांभाळायचे, हे अनुभवी मंडळींनी सांगितल्यास उपकार होतील. माझा धाकटा भाऊ अमेरिकेत सॉफ्टवेअर क्षेत्रात आहे आणि तो मदत करायला तयार आहे, हेही नमूद करतो.

निवृत्त_कर्नल

आपला प्रश्न नेमका आहे, पण त्यातील "संशोधन-कंत्राट मिळवणे" हे ध्येय मला अपुरे वाटते. मी खरेदी-प्रक्रियेच्या सेनेकडील बाजूला काम केले आहे. तेथून पाहिले की असे दिसते, अनुदान देणारा विभाग आणि वस्तू वापरणारा विभाग हे दोन वेगळे लोक आहेत आणि पहिल्याने शाबासकी दिली म्हणून दुसरा पैसे मोजत नाही. एप्रिल 2018 मध्ये चेन्नईजवळच्या डेफएक्स्पोत आयडेक्स सुरू झाले, तेव्हापासून शेकडो नवउद्योगांनी त्यात करार केले आहेत. त्यांतील कितींचे नमुने प्रत्यक्ष पलटणींपर्यंत पोहोचले, हा प्रश्न आपण आधी विचारावा आणि मग स्वतःची योजना आखावी.

प्रक्रियेचा कणा थोडक्यात सांगतो. सेना आपली गरज गुणात्मक आवश्यकतांच्या स्वरूपात मांडते, त्यावर गरजेच्या स्वीकृतीची म्हणजे एओएनची मोहोर उमटते, नमुना तयार होतो, चाचण्या होतात, व्यापारी बोली मागवली जाते, किमतीच्या वाटाघाटी होतात आणि मग करार. 1 ऑक्टोबर 2020 पासून लागू झालेल्या संरक्षण संपादन प्रक्रियेत आयडेक्सला स्वतंत्र वाट दिली आहे आणि एप्रिल 2022 च्या सुधारणेनंतर एओएनपासून करारापर्यंतचा काळ सुमारे 22 आठवड्यांवर आणण्यात आला. हा आकडा ऐकून पुष्कळ तरुण उद्योजक हुरळून जातात. हे घड्याळ एओएननंतर सुरू होते. त्याआधीच्या काळाला अशी कोणतीही मर्यादा नाही, आणि लहान कंपन्या दमतात त्या नेमक्या तेथेच.

दुसरी गोष्ट चाचण्यांची. आपली प्रणाली माळरानावर चालते, हे चांगलेच आहे. सेनेला ती राजस्थानच्या उन्हाळ्यात, लडाखच्या हिवाळ्यात आणि जेथे सगळा भूभाग बर्फाने एकसारखा पांढरा दिसतो तेथेही चाललेली पाहायची असते. दृश्य ओळखून चालणाऱ्या प्रणालीची खरी परीक्षा वाळवंटात आणि हिमप्रदेशातच असते, कारण तेथे ओळखण्याजोगी खूणच नसते. चाचणीचा एक हंगाम हुकला तर पुढच्या वर्षीच्या हंगामापर्यंत हातावर हात ठेवून बसावे लागते. जेएसएस 55555 या मानकाखालच्या पर्यावरणीय चाचण्या, म्हणजे दमट उष्णता, खारे धुके, धक्के आणि कंपन, तसेच विद्युतचुंबकीय सुसंगतीच्या चाचण्या आपण सेनेपुढे जाण्याआधीच करून घ्याव्यात. वाहन उद्योगामुळे एआरएआयची, म्हणजे पुण्यातील वाहन-संशोधन संस्थेची, वाट आपल्याला परिचित असेलच. तेथे विद्युतचुंबकीय चाचण्यांची सोय आहे.

पाषाणकर

कर्नलसाहेबांच्या मताला अनुमोदन देऊन टीडीएफबद्दल लिहितो. माझे आयुष्य पुण्यातील संरक्षण प्रयोगशाळांच्या आसपास गेले आहे, त्यामुळे माझे मत थोडे प्रयोगशाळेच्या बाजूने झुकलेले असेल, ते तसे समजून घ्यावे.

टीडीएफमध्ये विषय आपण ठरवत नाही. सेनादले किंवा डीआरडीओची प्रयोगशाळा एखादी गरज जाहीर करते आणि आपण त्यावर प्रस्ताव देतो. प्रकल्पखर्चाच्या 90 टक्क्यांपर्यंत अनुदान मिळू शकते आणि त्याची कमाल मर्यादा 2022 मध्ये 10 कोटींवरून 50 कोटी रुपये करण्यात आली. आयडेक्सच्या मूळ योजनेत अनुदान दीड कोटीपर्यंत आहे आणि तेवढाच वाटा आपल्याला घालावा लागतो. आयडेक्स प्राइममध्ये ही मर्यादा 10 कोटी आणि मार्च 2024 मध्ये आलेल्या अदिती योजनेत 25 कोटी आहे. केवळ टक्केवारी पाहिली तर टीडीएफ स्वस्त वाटतो. मात्र तेथे बौद्धिक संपदा डीआरडीओबरोबर सामायिक राहते. आपली प्रणाली जवळजवळ पूर्ण झालेली असताना तिच्यातला मालकीहक्क वाटून घेण्यात अर्थ आहे का, याचा विचार करावा. माझ्या मते नाही. जी गोष्ट अजून झालेली नाही आणि जिच्यासाठी प्रयोगशाळेचे ज्ञान लागणारच आहे, तिच्यासाठी टीडीएफ उत्तम. तुमच्याकडचे मूळ अल्गोरिदम आधीच तुमचे असतील तर करारात ते "पूर्वीची संपदा" म्हणून तारखेनिशी नोंदवून घ्या आणि या क्षेत्रातला वकील त्यासाठी गाठा.

कालावधीची कल्पना यावी म्हणून आपल्याच गावचे उदाहरण देतो. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेने भारत फोर्ज आणि टाटा यांना बरोबर घेऊन 155 मिलिमीटरची एटीएजीएस तोफ विकसित केली. प्रकल्पाची सुरुवात साधारण 2012-13 ची, 2017 च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ती राजपथावर दिसली, त्याच वर्षी पोखरणला तिने सुमारे 48 किलोमीटरचा पल्ला गाठला, 2020 मध्ये चाचणीदरम्यान नळी फुटण्याचा अपघात झाला, आणि 307 तोफांचा सुमारे 6,900 कोटी रुपयांचा करार मार्च 2025 मध्ये झाला. कमी बोलीमुळे भारत फोर्जला 184 तोफा मिळाल्या आणि उरलेल्या टाटांकडे गेल्या. त्या दोघांना बारा वर्षे थांबणे परवडले, कारण त्यांचा बाकीचा धंदा प्रचंड आहे. तोफ आणि सॉफ्टवेअर यांची तुलना होत नाही, हे मान्य, पण वाट पाहण्याची ताकद हीसुद्धा पात्रतेची एक अलिखित अट आहे.

अनुदान_घेतलेला

मी आयडेक्सच्या एका आव्हानात निवडला गेलो होतो, म्हणून पैशांबद्दल लिहितो. अनुदान टप्प्याटप्प्याने येते. टप्पा पूर्ण झाला, अहवाल दिला, तपासणी झाली, मग पुढचा हप्ता. मधल्या काळात पगार मात्र दर महिन्याला द्यावे लागतात. आमचा एक टप्पा केवळ तपासणी समितीची तारीख न मिळाल्यामुळे रखडला होता, त्यात तंत्रज्ञानाचा काहीच दोष नव्हता. तुमचा वाहन उद्योगाचा धंदा चालू असेल तर तो या निमित्ताने बंद करू नका आणि त्यातली हुशार माणसे सगळीच्या सगळी इकडे वळवू नका, एवढेच सांगेन.

दुसरे, सुट्या भागांकडे आजच पाहा. स्वदेशी रचना, विकास आणि निर्मिती या सर्वोच्च प्राधान्याच्या गटात बसायचे तर किमान 50 टक्के स्वदेशी घटक लागतात. तुमच्या प्रणालीतला कॅमेरा, जडत्व-संवेदक आणि प्रोसेसरचा बोर्ड कुठून येतो? फेब्रुवारी 2025 मध्ये 400 मालवाहू ड्रोनची कंत्राटे चिनी सुट्या भागांच्या कारणावरून रद्द झाली, हे आपण वाचले असेल. नमुना जिंकून झाल्यावर बोर्ड बदलणे म्हणजे अर्धी प्रणाली पुन्हा लिहिणे होय.

यश मिळालेले लोकही आहेत, नाहीतर मी फार निराशेचा सूर लावला असे वाटेल. नौदलाने जुलै 2022 मध्ये स्वावलंबन चर्चासत्रात स्प्रिंट या नावाने 75 तंत्रज्ञाने भारतीय उद्योगांकडून घेण्याचा संकल्प सोडला आणि त्यातला 50वा करार सशस्त्र स्वयंचलित नौकांच्या थव्यासाठी आपल्याच महाराष्ट्रातल्या सागर डिफेन्सशी झाला. नौदलाच्या बाबतीत माझे निरीक्षण असे की त्यांचे अधिकारी कंपनीशी लवकर आणि वारंवार बोलतात.

व्हर्जिनियाची_मराठी_मुलगी

भावाच्या मदतीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद. कृपया इथे सावध राहा. तुमचे बंधू इथे एखाद्या संरक्षणाशी संबंधित कंपनीत असतील तर त्यांनी तुम्हाला तांत्रिक माहिती देणे हा इथल्या निर्यात-नियंत्रण कायद्याचा भंग ठरू शकतो. उलट दिशेनेही भारताची स्कोमेट ही निर्यात-नियंत्रित वस्तू व तंत्रज्ञानाची यादी आहे, आणि तिच्यातील तंत्रज्ञान किंवा सॉफ्टवेअर ईमेलने पाठवणे हीदेखील निर्यातच समजली जाते. भावाने हिशेब बघावा, सादरीकरण सुधारावे, पण कोडला हात लावण्यापूर्वी दोन्हीकडचा सल्ला घ्यावा.

इथे 1982 च्या कायद्याने एसबीआयआर ही योजना आली. मोठे संशोधन-अंदाजपत्रक असलेल्या सरकारी खात्यांनी त्यातला 3.2 टक्के वाटा लहान उद्योगांसाठी राखून ठेवायचा असतो. तिच्या पहिल्या दोन टप्प्यांतले काम जिंकले की तिसऱ्या टप्प्याची प्रत्यक्ष खरेदी नव्याने स्पर्धा न घेता करता येते. तरीही दुसऱ्या टप्प्यानंतर अडकून पडलेल्या कंपन्या मी इथे पुष्कळ पाहिल्या आहेत, कारण खरेदीची परवानगी असणे आणि त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडेही तोच प्रश्न विचारा: ही वस्तू कोणत्या वर्षीच्या कोणत्या तरतुदीतून घेतली जाणार आहे?

भोसरीचा_अभियंता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. संवेदक आणि प्रोसेसरचा बोर्ड दोन्ही सध्या आयातीत आहेत, तेव्हा ते काम लगेच हाती घेतो. भावालाही थांबायला सांगितले आहे. मात्र मोठ्या कंपनीला भाग पुरवण्याच्या पर्यायावर कोणीच स्पष्ट मत दिले नाही. तो कमीपणाचा मार्ग आहे का?

निवृत्त_कर्नल

मुळीच नाही, उलट आपल्या बाबतीत तोच मला अधिक योग्य वाटतो. सेना दिशादर्शनाची पेटी सुटी विकत घेत नाही, ती ड्रोन घेते. आपली पेटी ज्याच्या ड्रोनमध्ये बसेल त्याने चाचण्या दिल्या की आपलीही परीक्षा त्यातच होते आणि चाचणीचा बराच खर्च त्याच्या माथी जातो. मात्र एकाच कंपनीला सर्वाधिकार लिहून देऊ नका. मुदत आणि ड्रोनचा वजनगट यांनी बांधलेला परवाना द्या. मूळ कोड आपल्याकडेच ठेवा आणि त्यांना केवळ चालणारी आवृत्ती द्या. त्याचबरोबर, आपल्या विषयाचे आयडेक्स आव्हान निघाले तर स्वतःच्या नावाने अर्ज जरूर करा, कारण त्या वाटेने एकच पुरवठादार उरला तरी खरेदी पुढे जाऊ शकते, आणि ही सवलत साध्या निविदेत सहजासहजी मिळत नाही.

आणखी एक वाट लोकांच्या लक्षात येत नाही. सेनेकडे आज जे ड्रोन आहेत त्यांच्या दुरुस्ती-सुधारणेचा खर्च महसुली अंदाजपत्रकातून होतो. 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या संरक्षण खरेदी नियमावलीत विकासाच्या टप्प्यात विलंबाचा दंड न आकारण्याची आणि यशस्वी विकासानंतर पाच वर्षांपर्यंत ऑर्डरची हमी देण्याची तरतूद आहे. भांडवली खरेदीच्या तुलनेत रकमा लहान असतात, पण आपल्या आकाराच्या कंपनीला त्या पुरेशा ठरतील. आव्हानाच्या जाहिरातीची वाट पाहत बसण्यापेक्षा, ज्या विभागाकडे ड्रोनची देखभाल आहे त्याला विनाखर्च, विनाबांधिलकी प्रात्यक्षिकाचे पत्र द्या आणि त्यात आपली प्रणाली कोणत्या उंचीवर, कोणत्या भूभागावर, किती मीटरच्या चुकीने चालते हे मोजलेले आकडे लिहा. बर्फावर अजून तपासलेली नसेल तर तेही तसेच लिहा. तपासणारा अधिकारी तो रकाना आधी पाहतो.